नाव, गाव, जमात

१
उमरोळीच्या आसपासच्या पाड्यांवर पन्नाशीपुढच्या माणसाला जन्मतारीख विचारा. उत्तर बहुधा १ जून. साल वेगळे, तारीख तीच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली. जातही त्यांनीच लिहिली, त्याच बैठकीत.

२
शाळेचे जनरल रजिस्टर. ‘धर्म व जात’ या रकान्यात: हिंदू वारली. हिंदू काथोडी. हिंदू म. कोळी.

‘म.’ म्हणजे मल्हार की महादेव, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते. दोन्ही अनुसूचित जमाती, पण यादीत दोघांचे क्रमांक वेगळे. नातवाने दाखल्यासाठी अर्ज केला की पहिला प्रश्न या टिंबावर येतो.

३
आधार कार्डावर जात नाही. मतदार ओळखपत्रावर नाही. पासपोर्टवर नाही. पॅनवर नाही.

त्यामुळे जातीला स्वतःचा कागद लागतो, तो प्रांत देतात. मग तो कागद खरा आहे असे सांगणारा दुसरा कागद लागतो, तो समिती देते. दुसऱ्याला सगळे जण व्हॅलिडिटी म्हणतात. ‘जात वैधता प्रमाणपत्र’ फक्त त्या कागदावरच छापलेले दिसते.

४
डहाणू लोकल, सकाळ. पालघरला उतरणाऱ्या दोन बाया.

“पोराची व्हॅलिडिटी आली गं?”

“नाय आली. त्रुटी आली.”

‘त्रुटी’ हा शब्द ती अगदी स्वच्छ उच्चारत होती.

५
तारखा पाठ असलेल्या बऱ्या. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०. विमुक्त आणि भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७.

त्या दिवशी किंवा त्याआधी तुमचे घर कुठे होते आणि घरातले कोण होते, याचा पुरावा. भटक्यालाही रहिवासाचा पुरावा द्यावा लागतो.

६
१८७१चा कायदा, क्रमांक २७. गुन्हेगार जमातींचा कायदा. सरकारला वाटले की एखादी जमात, टोळी किंवा वर्ग सराईतपणे गुन्हे करतो, तर राजपत्रात नाव जाहीर करायचे. जाहीर झालेले नाव चूक आहे असे कोणत्याही न्यायालयात म्हणता येत नव्हते. पुढे माणसांची नोंदवही. वहीत नाव आले की हजेरी. गाव सोडायचे तर पास. कुठे जाणार, किती दिवस, कोणत्या वाटेने, सगळे पासावर.

सुरुवातीला हा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि नावापुढे बोटांचे ठसेही येऊ लागले.

मूल जन्मायच्या आधीच त्याची जमात वहीत असायची. आता उलट तक्रार ऐकू येते: वहीत सापडतच नाही.

७
त्याच १८७१च्या कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांबद्दल होता. त्यांचीही नोंदवही, मालमत्तेच्या तपशिलासकट.

२०१९चा तृतीयपंथी व्यक्तींचा कायदा: ओळखीचे प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देणार.

८
फ्रान्स, १६ जुलै १९१२. भटक्यांसाठी मोजमापाची वही सक्तीची झाली. उंची, डोक्याची लांबी-रुंदी, उजव्या कानाची लांबी, डाव्या पायाची लांबी, बोटे, डोळ्यांचा रंग, ठसे, समोरून फोटो, बाजूने फोटो. वयाच्या तेराव्या वर्षापासून प्रत्येकाची वेगळी. गावात शिरताना शिक्का, निघताना शिक्का.

कायद्यात ‘रोमा’, ‘जिप्सी’ असा एकही शब्द नाही. ‘नोमाद’ म्हणजे भटके, एवढेच. वही कोणाला द्यायची हे पोलिसांना बघून कळत होते.

१९६९ला ही वही रद्द होऊन दुसरी, जरा सौम्य वही आली. तिचा शेवटचा प्रकार २०१७ला गेला. शंभराहून जास्त वर्षे झाली.

९
रेशन दुकानाबाहेर. “अंगठा लागत नाय.” वीटभट्टीवर माती थापणाऱ्याचा लागत नाही, बर्फात मासळी निवडणारीचा लागत नाही, म्हाताऱ्यांचा तर नाहीच. दुकानदार बोट पुसायला फडके देतो, मग दुसरे बोट, मग तिसरे. शेवटी मोबाइलवर ओटीपी. मोबाइल मुलाकडे, मुलगा भट्टीवर.

ज्यांचे ठसे सक्तीने घेतले त्यांची नातवंडे ठसा उमटावा म्हणून बोटाला तेल लावतात.

१०
सोलापुरात आजही लोक पत्त्यात ‘सेटलमेंट’ लिहितात. तारेच्या कुंपणातली वसाहत होती. आत राहणाऱ्यांनी गिरणीत कामाला जायचे आणि वेळेत परत यायचे. गुन्हेगार जमातींचा देशभराचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला रद्द झाला. मुंबई राज्याने १९५९ला सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. त्यात जमातीचे नाव नाही, माणसाचे येते.

११
महाराष्ट्राच्या यादीत चौदा विमुक्त जाती: बेरड, बेस्तर, भामटा, कैकाडी, कंजारभाट, कटाबू, बंजारा, पाल पारधी, राज पारधी, राजपूत भामटा, रामोशी, वडार, वाघरी, छप्परबंद.

शब्दकोशात ‘भामटा’ उघडून पाहावा. मग तो शब्द सरकारी शिक्क्यासह मुलाच्या दाखल्यावर कसा दिसत असेल ते पाहावे. दाखला नको म्हणण्याची मात्र सोय नाही, फी माफी त्याच्यावरच आहे.

१२
राज्याच्या नोकरीसाठी अर्ज करताना वडार ‘विमुक्त जाती (अ)’. केंद्राच्या नोकरीसाठी तोच वडार ‘इतर मागासवर्ग’. नमुना वेगळा, अर्ज वेगळा, कार्यालय एकच, खिडकीही बहुधा तीच. सोबत नॉन क्रिमिलेअर. ते मुदत संपली की पुन्हा.

१३
बंजारा: महाराष्ट्रात विमुक्त जाती. तेलंगण आणि आंध्रात लंबाडा या नावाने अनुसूचित जमात. कर्नाटकात लंबाणी या नावाने अनुसूचित जात.

युरोपातल्या रोमांचा उगम सांगताना आपल्याकडचे भाषणकार हमखास बंजाऱ्यांचे नाव घेतात. भाषाशास्त्रज्ञ एवढेच सांगतात की रोमा बोली भारतीय-आर्य कुळातली आहे आणि त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी इकडून गेले. कोणत्या जातीतून गेले, याचा दाखला कोणी मागितलेला नाही.

२०२५च्या सप्टेंबरात बंजारा समाजाचे मोर्चे निघाले: निजामकाळच्या हैदराबाद गॅझेटच्या आधारे आम्हालाही जमातीत घ्या. त्यावर आदिवासींचे मोर्चे: घेऊ नका.

१४
कैकाडी नागपुरात अनुसूचित जात, पुण्यात विमुक्त जात. एसटीने एका रात्रीचा प्रवास.

१५
मराठ्यांना कुणबी दाखले देता यावेत म्हणून २०२३पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी राज्यभर कुणबी नोंदी शोधल्या गेल्या. पन्नास लाखांहून जास्त सापडल्या. मोडी वाचणाऱ्यांना बऱ्याच वर्षांनी काम मिळाले.

कोणती कागदपत्रे तपासायची याची यादी मी जपून ठेवली आहे. तिच्यात शाळेचे रजिस्टर आहे, जन्ममृत्यूचे गाव नमुना चौदा आहे, ज्याला कोतवाल बुक म्हणतात. ती अपेक्षित. पण पुढे पोलिसांचे अटक पंचनामे आहेत, गुन्हे रजिस्टर आहे, तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांची नोंदवही आहे. राज्य उत्पादन शुल्क विभागाची ताडी नोंदवही आहे.

म्हणजे पणजोबा सरळमार्गी असतील, शाळेत गेले नसतील, जमीन नसेल, तर घराण्याचा पुरावा संपला. पणजोबांना एकदा पकडले असेल तर पाहता येईल.

१६
ताडी आमच्याकडची. ताडीवाल्यांची नावे पूर्वी परवान्यासाठी लिहिली. परवाना ज्याच्या नावावर तो आणि झाडावर चढणारा, हे मात्र क्वचितच एक.

१७
माधुरी पाटील खटला, सर्वोच्च न्यायालय, सप्टेंबर १९९४. जात पडताळणीच्या कार्यालयात बसलेल्या प्रत्येक वकिलाच्या तोंडी हे नाव असते. अर्जदार बहिणी महादेव कोळी म्हणत होत्या, घरच्या शाळेच्या नोंदीत ‘हिंदू कोळी’ होते. न्यायालयाने दावा फेटाळलाच, शिवाय यापुढे पडताळणी कशी करायची याची पद्धतही घालून दिली: समिती, तिच्या हाताखाली दक्षता पथक, पथकाने घरी जाऊन चौकशी करायची. महाराष्ट्राने त्यावर २००१चा २३वा अधिनियम केला.

पथक काय विचारते? कुलदैवत कोणते. लग्नात काय काय करतात. माणूस मेला की काय करतात. सण कोणते. बोलीत अमुक वस्तूला काय म्हणता. नातेवाइकांची आडनावे. याला कोर्टकचेरीत अ‍ॅफिनिटी टेस्ट म्हणतात.

बोईसरच्या एका सोसायटीतला मुलगा. वडील एमआयडीसीत पर्मनंट, आई नर्स. मुलाला हिरवा देव माहीत नाही. वाघदेवाला काय चढवतात माहीत नाही. लग्नात भिंतीवर चौक कोण लिहिते, पालघट देवी त्यात कुठे असते, माहीत नाही. चुलतभावांची लग्ने हॉलमध्ये झाली, डीजे होता. चौकशीच्या आधी त्याला आठ दिवस गावी आजीकडे पाठवले. आजीने शिकवले. मुलगा म्हणाला, एवढा अभ्यास नीटचा केला असता तर.

आजीला कोणी काही विचारले नाही. तिला शिकायचे नाही, नोकरी नको, तिची जात कोणाच्या उपयोगाची नाही.

१८
मार्च २०२३. ठाकूर जमातीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितले की अ‍ॅफिनिटी टेस्ट ही अंतिम कसोटी नव्हे. लोक स्थलांतर करतात, शिकतात, बदलतात. जुने कागद असतील तर त्यांना वजन जास्त.

जुने कागद. पुन्हा टिपण दोनकडे.

१९
वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. इथल्याच आदिवासी युवा सेवा संघाने त्यासाठी अर्ज केला होता. चित्र कुठले, कोणाचे, यावर आता सरकारी शिक्का आहे.

विमानतळावरच्या भिंतीवर तारपा नाच. कपबशीवर तारपा. जिल्ह्याच्या जवळजवळ प्रत्येक सरकारी कार्यालयाच्या भिंतीवर तारपा. त्याच भिंतीला टेकून ‘त्रुटी’वाले बसतात.

२०
जर्मनी. म्युनिकच्या पोलिसांनी १८९९ला जिप्सींची माहिती गोळा करणारे कार्यालय काढले. १९०५ला त्यांची छापील नामावली निघाली, जिप्सींचे पुस्तक म्हणून. १९३६ नंतर रॉबर्ट रिटर नावाचा डॉक्टर वंशावळी जमवू लागला. गावोगाव जाऊन आजी-आजोबांची नावे, डोळ्यांचे रंग, डोक्याची मापे. आजी-पणजीपर्यंत रक्त मोजून ‘शुद्ध’, ‘मिश्र’ असे शेरे. अशी सुमारे चोवीस हजार मते त्याच्या खात्याने दिली. आउशवित्झला नेलेल्यांच्या हातावर क्रमांकाआधी ‘झेड’ गोंदला गेला.

युद्ध संपले. वाचलेल्यांनी भरपाई मागितली. १९५६ला तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितले की १९४३ आधीची हद्दपारी वंशामुळे नव्हती, गुन्हे रोखण्यासाठी होती. आणि पोलिसांच्या वह्या? बव्हेरियात नाव बदलून, ‘फिरस्त्यांची’ म्हणून, १९७०पर्यंत चालू.

२१
रिटरच्या वंशावळी युद्धानंतर संशोधक आपापसात फिरवत होते. १ सप्टेंबर १९८१. सिंती, म्हणजे जर्मनीतल्या रोमांच्या एका गटाचे कार्यकर्ते ट्यूबिंगेन विद्यापीठाच्या संग्रहात शिरले, तिथे ठाण मांडून बसले आणि कागद सरकारी अभिलेखागारात हलवायला लावले. त्यांना ते कागद जाळायचे नव्हते. ते दुसऱ्यांच्या कपाटात नको होते.

२२
पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला झाला. त्याआधीचे सगळे ‘जि. ठाणे’. त्याहून फार जुना, ब्रिटिश काळातला कागद हाती आला तर त्यावर ‘ता. माहीम’ असते, कारण आजच्या पालघर तालुक्याचे तेव्हाचे मुख्यालय केळवे-माहीम. असा कागद घेऊन गेलेल्याला खिडकीवर ऐकावे लागले: “हे मुंबईचं आहे. तिकडे जा.”

२३
उंबरगाव तालुका १९६०पर्यंत ठाणे जिल्ह्यात. १ मे १९६०ला त्यातली बरीच गावे गुजरातेत गेली, उरलेली तलासरीकडे राहिली. दोन्हीकडे वारली, दोन्हीकडे अनुसूचित जमात. सोयरीक चालूच आहे.

उंबरगावची मुलगी तलासरीत दिली. जात वडिलांकडून येते, नवऱ्याकडून नाही. वडिलांचे कागद गुजरातीत. तिचा दाखला गुजरातचा, तो इथे आरक्षणाला चालत नाही. तिच्या मुलाला बापामुळे अडचण नाही. अंगणवाडी सेविकेची जागा मुलाला नको होती, तिला हवी होती.

२४
बोईसर, एमआयडीसीची चाळ. पूर्व उत्तर प्रदेशातला गोंड. त्याच्या राज्यात २००२च्या कायद्याने काही जिल्ह्यांतले गोंड जमात झाले, बाकीच्या जिल्ह्यांतले जातच राहिले. तो कोणत्या जिल्ह्यातला, त्यावर तो कोण. इथे गोंड जमातीतच आहेत, पण इथले गोंड. तो इथे खुला.

“बढ़िया है,” तो म्हणाला. “ओपन में हूँ।”

२५
तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण उठवले. तिथल्या माणसांकडे आणखी एक कागद असतो: प्रकल्पग्रस्त दाखला. जातीसारखाच वारशाने मिळतो, आरक्षणही आहे, आणि एका कुटुंबात एकालाच वापरता येतो. भावाभावांत कोणी वापरायचा यावर बोलणे बंद झालेली घरे आहेत.

२६
सोव्हिएत पासपोर्ट, १९३२पासून. पाचवी ओळ: राष्ट्रीयत्व. रशियन, युक्रेनियन, ज्यू, जिप्सी. आईबाप वेगवेगळे असतील तर सोळाव्या वर्षी मुलाने दोघांपैकी एक निवडायचे. एकदाच. १९९७ला रशियाच्या नव्या पासपोर्टातून ती ओळ गेली.

आपल्याकडे आंतरजातीय लग्नातल्या मुलाला बापाची जात, असे गृहीत धरतात. २०१२ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, गृहीत धरा पण मुलगा कोणात वाढला तेही बघा. आई आदिवासी, बाप सवर्ण, अशा मुलाने आपण आईकडच्यांत वाढलो हे सिद्ध करायचे. शेजाऱ्यांनी त्याला कसे वागवले, याचा पुरावा गोळा करायचा. वाईट वागवले असेल तर केस मजबूत.

२७
चेकियाच्या २०११च्या जनगणनेत रोमा म्हणून स्वतःची नोंद करणारे सुमारे तेरा हजार. अभ्यासकांचे आणि सरकारी अंदाज दोन लाखांच्या पुढचे. तिथेच १९२७ला भटक्या जिप्सींचा कायदा झाला होता, ठशांचे ओळखपत्र सक्तीचे.

विचारले तर आता सांगत नाहीत.

२८
सेतूची खिडकी, जूनचा दुसरा आठवडा. रांग जिन्यापर्यंत. सगळे सांगायलाच आलेत. सर्व्हर डाऊन.

२९
झेरॉक्सवाला. त्याला नियम प्रांतांच्या कारकुनाइतके पाठ. फाइल बघूनच सांगतो: “काकांचा एलसी लावा. काका रक्तातले, मामा चालत नाही.” “आत्याचं लग्नाआधीचं नाव पाहिजे.” “वंशावळीत हा माणूस कुठून आला?” पानांचा क्रम लावतो, सेल्फ अटेस्टेडची सही कुठे करायची तिथे पेन्सिलने फुली मारतो.

वंशावळीचे प्रतिज्ञापत्र तो टाइप करून देतो. पणजोबांच्या नावाच्या जागी अनेक जण अडखळतात. मग घरी फोन. घरी म्हातारी फोनवर नावे सांगते, एकामागून एक, न थांबता. तो म्हणतो, “पुरे आजी, चारच पिढ्या लागतात.”

३०
दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याची, विक्रमगडची माणसे ‘जगायला’ जातात. भट्टीवर, रेतीवर, बांधकामावर. भट्टीवर जन्मलेल्या मुलाची नोंद भिवंडीत व्हायला हवी. तिथे म्हणतात गावी करा. गावी म्हणतात जन्म इथे नाही. मूल सहा वर्षांचे होते, शाळेत जाते. तारीख तिथे मिळते.

३१
कातकरी केंद्राच्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतात. महाराष्ट्रात असे गट तीन: कातकरी, कोलाम, माडिया गोंड. नोव्हेंबर २०२३ला त्यांच्यासाठी जनमन अभियान आले. वाड्यांवर शिबिरे लागली: आधार, जनधन, जातीचा दाखला, एकाच मांडवात. साहेब स्वतः आले, लॅमिनेट केलेले दाखले हातात दिले, फोटो काढले.

वाडीतल्या एकाने दाखला घरात दाराच्या वर, देवाच्या फोटोशेजारी ठोकला. खिळा नेमका शिक्क्यातून गेला.

३२
डिसेंबर २०२०: राज्यातल्या वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायचा मंत्रिमंडळाचा निर्णय. पाट्या बदलल्या. जुना पत्ता ज्या दाखल्यावर आहे तो जपून ठेवावा, पडताळणीला लागतो.

३३
नागपूर, २३ नोव्हेंबर १९९४. विधानभवनावर गोवारींचा मोर्चा. चेंगराचेंगरीत ११४ जण गेले, बहुतेक बाया आणि मुले. मागणी अशी: जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ लिहिले आहे. त्या दोन शब्दांच्या मधे स्वल्पविराम हवा होता, ते आम्हीच.

२०१८ला नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला. २०२०च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. यादीत न्यायालयाला काही वाढवता येत नाही, काढता येत नाही, राष्ट्रपतींनी छापले ते छापले.

शहरातल्या उड्डाणपुलाला त्यांचे नाव दिलेले आहे: आदिवासी गोवारी शहीद. पुलावर ‘आदिवासी’ आहे.

३४
स्वीडन, सप्टेंबर २०१३. वृत्तपत्राने उघड केले की दक्षिणेतल्या पोलिसांकडे रोमांची गुप्त यादी आहे. चार हजारांहून जास्त नावे. त्यात लहान मुले, मेलेली माणसे, आणि रोमांशी लग्न केलेले स्वीडिश. वंशावळीच्या फांद्या काढून ठेवलेल्या. गुन्ह्याशी संबंध काय विचारल्यावर पोलिसांना नीट सांगता आले नाही. न्यायालयाने दावा करणाऱ्यांना प्रत्येकी तीस हजार क्रोनर द्यायला लावले.

आपल्या चौकटीतून ही बातमी वाचणारा एक जण म्हणाला, “यादी तयारच होती? मग त्यांना व्हॅलिडिटीला त्रास नसणार.”

३५
फॉर्ममध्ये धर्म. पर्यायांत आदिवासी धर्म नाही. पूर्वीच्या जनगणनांत होता, वेगवेगळ्या नावांनी. झारखंड विधानसभेने २०२०ला ठराव केला: सरना हा वेगळा रकाना द्या. इथल्या कार्यकर्त्यांपैकी काही म्हणतात ‘इतर’ लिहा, काही म्हणतात हिंदू लिहा नाहीतर आरक्षण जाईल. जमातीच्या आरक्षणाला धर्माची अट नाही, हे दोघांनाही माहीत आहे. तरी सांगतात.

शाळेच्या रजिस्टरात मात्र ‘हिंदू’ हा शब्द आधी येतो आणि ‘वारली’ नंतर. विचारायची पद्धत नव्हती.

३६
सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात कलम ३६ आणि ३६अ. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय जाणार नाही. तलाठ्याने ही नोंद घातलेली असेल तर ती जमातीचा आधार म्हणूनही दाखवतात. खाडीकाठचा एक शेतकरी तीच नोंद काढून टाकायला खटपट करतो आहे, कारण प्लॉटिंगवाल्याने भाव दिला आहे. त्याच शेतकऱ्याच्या मुलीचा इंजिनीअरिंगचा अर्ज आहे. तिला नोंद हवी आहे.

दोघे एकाच रिक्षाने तहसीलला येतात.

३७
२०२७च्या जनगणनेत सगळ्यांची जात विचारणार. १९३१ नंतर पहिल्यांदा. मधल्या काळात फक्त अनुसूचित जाती आणि जमातींची विचारत होते.

पाड्यावर यावर बोलणे निघाले.

“त्याला पुरावा काय लागल?”

काही नाही. तुम्ही सांगाल ते लिहितील.

“आपण सांगू ते?”

हो.

“मग त्याची नक्कल मिळल ना? दाखल्याला जोडाया?”

नाही. १९४८चा कायदा आहे. कलम १५. जनगणनेतली माहिती कोणाला दाखवत नाहीत आणि पुरावा म्हणून कुठेही चालत नाही.